पोरींचे धावडे

माझ्या माहेरी मुलगी जन्मली की तिच्यासाठी झाड लावत नाहीत, दाखवतात. बाळ सव्वा महिन्याचं झालं की घरातली कोणी मोठी बाई गावामागच्या टेकडीवर चढते, एखादा तरणा, सरळ धावडा निवडते, त्याच्या बुंध्याला हळदीचा हात लावते आणि खाली येऊन सांगते, की त्या काळ्या दगडाच्या वरच्या अंगाचा, दोन फांद्यांत फुटलेला, तो हिचा. झालं. पूजा नाही, पाटी नाही, जेवणावळ तर नाहीच. त्या दिवसापासून ते झाड त्या मुलीचं. त्याला कुऱ्हाड लावायची नाही, आणि त्याचा डिंक तिच्या पहिल्या बाळंतपणाच्या लाडवांत पडायचा.

हा रिवाज कुठून आला ते मला माहीत नाही. शेजारच्या घरांत तो नव्हता. शेजारणी हसायच्याही, की यांच्या पोरींना हुंड्यात झाड मिळतं आणि तेही उचलून नेता येत नाही. पण आमच्या घरात तो चालत आला. घरातल्या लेकीला झाड, लेकीच्या लेकीला झाड. सुनांना त्यांच्या त्यांच्या माहेरचं काय असेल ते. मुलांना काहीच नाही. माझा मोठा भाऊ लहानपणी यावरून रुसून बसायचा, तेव्हा आई त्याला म्हणायची, "तुले पुरं वावर भेटते ना रे, तिले एक झाड भेटलं तं काहून पोटात दुखते?"

एका झाडाला दोन पोरी नाहीत, हा त्यातला नियम. बाई गेली तरी तिचं झाड तिचंच राहायचं, पडेपर्यंत. माझ्या आत्याचा धावडा ती गेल्यावर कितीतरी वर्षं उभा होता आणि त्याचा डिंक कोणी वेचायचं नाही. तो उन्हात वितळून खोडावरून खाली यायचा, मुंग्या खायच्या.

तर गेल्या कार्तिकात माझ्या नातीला झाड दाखवायची पाळी माझ्यावर आली.

धावडा हे काही कोणाच्या तोंडी असलेलं झाड नाही. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला लोक सागाला मानतात, कारण त्याला भाव आहे. मोहाला मानतात, का ते सांगायला नको. पळसाला निदान होळीच्या रंगासाठी आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दारात उभं करायला विचारतात. सालई, मोवई, लेंडिया, तिवस, धावडा ही सगळी नुसती रानात असतात. मुरमाच्या उतारावर, जिथं जवारीचं धाटही धड वाढणार नाही, तिथं धावडा उभा राहतो. खोड फिकट, गुळगुळीत, राखेचा हात फिरवल्यासारखं. फुलं अशी की फुलं आहेत हे सांगावं लागतं. पण थंडी सुरू झाली की त्याचं पान तांबडं होतं, अख्खा उतार तांब्याच्या हंड्यासारखा दिसायला लागतो, आणि मग हळूहळू गळतं. लाल झाल्याशिवाय धावडा पान टाकत नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

त्याचा डिंक होळीनंतर येतो. ऊन तापलं की साल कुठं कुठं तडकते आणि तिथून थेंब बाहेर येतो, वाळतो, पिवळसर काचेसारखा होतो. झाडाला दुखलं की ते असं स्वतःला लिंपून घेतं, असं आई म्हणायची. तो हातानं काढायचा, जेवढा आपोआप आला असेल तेवढाच. माझ्या बाळंतपणात माझ्या झाडाचा डिंक निघाला एक मूठ. माझं झाड तसं कद्रूच. आईनं त्यात परतवाड्याच्या बाजारातला डिंक मिसळला, भरपूर तुपात तळला, गोडंबी, खारीक, खोबरं घालून लाडू वळले आणि मला खाऊ घालताना दर वेळी सांगितलं, की तुझा वरचा आहे, बाजारचा खाली आहे. लाडवात वर आणि खाली काय असतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. मी खाल्ले. मुलगी झाली होती, मी आनंदात होते.

माझ्या त्या मुलीला आईनं दाखवलेलं झाड मात्र देखणं होतं. काळ्या दगडाच्या वरच्या अंगाला, कमरेइतक्या उंचीवर दोन फांद्यांत फुटलेलं. ती उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेली की पहिल्या दिवशी तिथं जाऊन त्या बेचक्यात बसायची, आणि मामाचा मुलगा खाली उभा राहून तिला म्हणायचा, की उतर, मला बसू दे. ती म्हणायची, तुझं नाही, माझं आहे. हे भांडण दर वर्षी व्हायचं. ती दोघं बरोबरीची. तिला सख्खा भाऊ नाही, त्याला सख्खी बहीण नाही, त्यामुळे राखीपासून सगळं त्यांनी एकमेकांत वाटून घेतलं होतं.

मी लग्न होऊन अमरावतीला आले आणि इथंच राहिले. आमच्या कॉलनीत दर पावसाळ्यात झाडं लावायचा कार्यक्रम होतो. फलक येतो, पाहुणे येतात, एका रोपाला आठ जण हात लावून फोटो काढतात. सप्तपर्णी, गुलमोहर आणि हल्ली ती कुठलीशी परदेशी, हिरव्या खांबासारखी वाढणारी झाडं. मी एका वर्षी विचारलं, आपल्याकडचं काही का नाही लावत? धावडा लावा, तिवस लावा. एकानं मला फार समजुतीनं सांगितलं की काकू, हे झाडं सावली लवकर देतात. मी कपबशा उचलल्या. पाहुण्यांना चहा मीच केला होता.

धावडा लावून येतही नाही म्हणा. मी हौसेनं एकदा करून पाहिलं होतं. टेकडीवरून त्याची वाळलेली बोंडं आणली, बारीक बी चुरून काढलं, गच्चीवर मातीच्या टोपल्यांत पेरलं, रोज पाणी शिंपडलं. काही उगवलं नाही. रोपवाटिकेतल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "त्याचं बी फोल असते बाई. ओंजळभर पेराल तं एखादं उगवते, नाई तं तेही नाई. रानातलं रानातच होते ते." म्हणून दाखवायचं. लावणं आमच्या हातातलं नव्हतंच.

टेकडीचं काय होत चाललंय हे मला गेल्या काही वर्षांत दिसत होतं. आधी खालच्या अंगाची सालई गेली. मग धावडे वाळायला लागले, एकेक करून नाही, गठ्ठ्यानं. डिंकवाले यायचे. खोडाला गिरमिटानं भोक पाडायचं, त्यात सुईनं औषध सोडायचं, वरून चिखलाचा बोळा दाबायचा. केळी पिकवायला वापरतात तसलंच काहीतरी औषध, कृषी केंद्रात मिळतं म्हणे. झाड वेड्यासारखा डिंक सोडतं. जो डिंक चार वर्षांत यायचा तो एका उन्हाळ्यात. आणि मग ते वाळतं. दादा फोनवर सांगायचा, या साली वरची पट्टी गेली, या साली नाल्याकडची. मी विचारायची, आणि पोरींचे? तो म्हणायचा, "पोरींच्याले कोण हात लावते? गावाले माईत आहे."

ते खरंच होतं. डिंकवाल्यांनासुद्धा माहीत होतं. ते चारपाच धावडे त्यांनी सोडले होते. आजूबाजूचं सगळं वाळून पांढरं पडलं, मध्ये आमचे तेवढे हिरवे. नात व्हायच्या आदल्या दिवाळीला गेले तेव्हा खालून वावरातूनच ते ओळखू यायचे. मला त्याचा अभिमान वाटला होता. लोकांना मी सांगितलंही होतं.

मुलगी लग्न होऊन अकोल्याला गेली. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. दोनदा राहिलं आणि गेलं. त्यानंतर आमच्या घरात लाडवांचं, डिंकाचं, टेकडीचं नाव कोणी काढत नव्हतं. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हाही आम्ही तीन महिने कोणाला बोललो नाही. होळीच्या सुमाराला मी दादाला फोन केला. फोन भाच्यानं, दादाच्या मुलानं, उचलला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, बाजारातून डिंक आणू नको. एक दाणाही नको. तिच्या झाडाचाच पुरा करतो मी."

वैशाखात तो स्वतः आला, मोटारसायकलवर, पाठीला स्टीलचा डबा बांधून. त्यानं डबा माझ्यासमोर उघडला. तोंडापर्यंत भरलेला. स्वच्छ, टपोरे, मधासारखे खडे, एकाला साल चिकटलेली नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी धावड्याचा इतका सुंदर डिंक पाहिला नव्हता. मी कॉलनीतल्या बायकांना बोलावून दाखवला. त्याला म्हटलं, आजी असती तर तुझी दृष्ट काढली असती. तो लाजला. त्याच्या तळहाताला फोड आलेले होते, मी हळद लावू का म्हटलं तर म्हणाला, राहू दे. दोन भाकऱ्या खाऊन लगेच निघालाही, संत्र्याला पाणी द्यायचं होतं.

बाळंतपणाला पोरगी माझ्याकडेच आली आणि पोळ्याच्या मागं-पुढं नात झाली. चांगली धडधाकट. मी तो डिंक तळला. तुपात पडल्या पडल्या लाहीसारखा फुलला, कढई भरून वर आला. एका घाण्याचे लाडू संपले, दुसरा घाणा केला, तरी डब्यात डिंक उरलाच. मुलगी म्हणायची, "आई, माझ्या झाडानं हात आखडता घेतला नाही बघ." ती सकाळ-संध्याकाळ खात होती, दूध भरपूर होतं, गालांवर रंग आला होता. इतक्या वर्षांनी तिला असं खाताना बघून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते, ते चांगलं रडणं होतं.

सव्वा महिन्याला माझा गुडघा धरला म्हणून टेकडीचं लांबलं. कार्तिकात जरा बरं वाटलं. पोरीला म्हटलं, जाऊन येते, तुझ्या लेकीचं झाड दाखवून येते. ती म्हणाली, "माझ्याजवळचं बघ. आमची झाडं शेजारी असू देत." परतवाड्याची एसटी धरली, तिथून काळीपिवळी जीप.

घरी पोचले तर भाचा दिसला आणि गायब झाला. वहिनीनं चहा दिला, दादा ओसरीवर तुरीच्या शेंगा बघत बसला होता, म्हणजे बघण्यासारखं त्यात काही नसताना बघत होता. मी म्हटलं, चला. तो म्हणाला, "गुडघा दुखन तुहा. मी सांगतो ना एखादं झाड. इथून सांगतो."

"इथून?"

"दाखवनंच आहे ना. मी पायलं तरी चालते."

माझा राग नाकावर असतो, हे सासरी-माहेरी दोन्हीकडे माहीत आहे. मी म्हटलं, "दादा, पोरीचं झाड पुरुषानं कधी दाखवलंय का? आणि ओसरीत बसून?" मी चपला घातल्या आणि निघाले. तो मागून आला.

वावराच्या धुऱ्यावरून वर बघितलं की ते दिसायचे. मला काही दिसलं नाही. वाटलं, माझेच डोळे. अर्ध्या चढावर बसले, पुन्हा बघितलं. काळा दगड दिसला. त्याच्या वर दोन फांद्यांत फुटलेलं झाड दिसलं. त्याला पान नव्हतं.

पहिल्यांदा मनात आलं, या वर्षी लवकर गळलं असेल. मन असं काहीही शोधून काढतं. पण खाली जमिनीवर लाल पान एकही नव्हतं. धावडा लाल झाल्याशिवाय पान टाकत नाही. मी जवळ गेले, खोडाला हात लावला, तर साल पापडासारखी हातात आली. आणि मग भोकं दिसली. बेचक्याच्या खाली, खोडाला वळसा घालून, जवळ जवळ. काहींत चिखलाचा बोळा अजून होता.

शेजारचं माझ्या भावकीतल्या बहिणीचं, तसंच. त्याच्या वरचं, तसंच. आत्याचं, ज्याचा डिंक आम्ही मुंग्यांना सोडत होतो, तेही.

मी दादाला म्हटलं, "डिंकवाले शेवटी आलेच म्हण की."

दादा खाली बघत होता. "डिंकवाले नाई आले," तो म्हणाला. "यानंच केलं."

भाचा आमच्या मागोमाग वर आला होता आणि जरा खाली उभा होता. तिशी उलटलेला माणूस, पण लहानपणी बेचक्याखाली उभा राहायचा तसा. त्यानं सांगितलं ते असं. मार्च-एप्रिलात तो तिच्या झाडाचा डिंक वेचायला गेला, तर निघाला जेमतेम वाटीभर. त्याला वाटलं, इतक्या वर्षांनी पोरगी आई होऊन राहिली आणि आपण वाटी घेऊन जायचं? बाजारचा मिसळणार नाही असं त्यानं मला कबूल केलेलं. मग त्यानं डिंकवाल्यांपैकी एकाला विचारून औषध आणलं. तिच्या झाडाला दिलं. आठवडाभर काही आलं नाही म्हणून पुन्हा दिलं. मग आलं ते भळाभळा आलं. तरी डबा भरेना, म्हणून शेजारच्यांना दिलं, सगळी पोरींचीच झाडं आहेत, घरचीच आहेत, असं म्हणून.

"आत्या, कुऱ्हाड नाई लावली मी," तो म्हणाला. "कोन्याच झाडाले नाई लावली."

तो हे काही पळवाट म्हणून सांगत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. लहानपणापासून त्यानं एकच ऐकलं होतं, की पोरींच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. ते त्यानं पाळलं होतं. गिरमिटाचं कोणी कधी काही म्हटलं नव्हतं, कारण तेव्हा कोणाच्या डोक्यात गिरमिट आलंच नव्हतं.

"मरतं हे माहीत नव्हतं तुला?" मी विचारलं.

"ते म्हणे दोन-तीन साल जगते. मले वाटलं पान्यात सावरन. पानी झालं, पान फुटलंच नाई." मग म्हणाला, "मी रोज पाहून रायलो होतो आत्या. आषाढापासून रोज वर येत होतो."

त्याला एक थोबाडीत मारावी असं मला वाटलं, आणि जवळ घ्यावं असंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. मी त्याला म्हटलं, चांगल्या चपला घालून यायचं टेकडीवर, काटा भरेल. तो रबरी स्लीपरवर होता. का म्हटलं, कोण जाणे. काहीतरी रागवायचं होतं.

दादा वाळक्या खोडाला टेकून बसला. म्हणाला, "कुऱ्हाड लावली असती तं बरं झालं असतं." मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तोडलेला धावडा बुडातून फुटते. तिकडे नाल्यापाशी पाय, मागं तोडले ते सारे फुटले. हे मुळापासून गेले." मी नाल्याकडे बघितलं. खरंच, तिथं तोडलेल्या बुंध्यांभोवती फुटव्यांची झुडपं होती आणि त्यांची पानं लाल झाली होती. ती कोणाचीच झाडं नव्हती.

त्या फुटव्यांतला एक का नाही निवडलास, असं मला पुढं कोणीतरी विचारलं. विचारणाऱ्याला टेकडी माहीत नाही. नाल्याकडची ती पट्टी आता विकली गेली आहे, खडी फोडायची मशीन यायची आहे, खुंट ठोकून झाले आहेत. दादानंच ते मला दाखवले.

मग माझं झाड. ते सगळ्यांच्या वर, टेकडीच्या खांद्यावर आहे, वाकडं. गुडघा धरून वर गेले. ते अर्धं जिवंत होतं. पश्चिमेकडच्या दोन फांद्यांना पानं होती, लाल व्हायला लागलेली. पूर्वेकडची बाजू कोरडी. खाली भोकं होती, इतरांपेक्षा कमी. भाचा म्हणाला, "तुह्याले बी दिलं होतं. पन काही आलंच नाई त्यातून, म्हून सोडून देलं." माझं कद्रू झाड कद्रूपणामुळं वाचलं होतं, म्हणजे जेवढं वाचलं तेवढं. दादाला विचारलं, जगेल का? तो म्हणाला, "पुढच्या पान्यात दिसन." त्याचा आवाज ऐकून मला उत्तर कळलं.

पदराच्या टोकाला हळदीची पुडी बांधून आणली होती. उताराला दुसरं हिरवं काही नव्हतं, घाणेरीची झुडपं सोडली तर. मग मी पुडी सोडली, तळहातावर हळद घेतली, थुंकीनं ओली केली कारण पाणी आणायचं विसरले होते, आणि माझ्याच झाडाच्या बुंध्याला हात लावला. भोकं होती त्या बाजूनं नाही, दुसऱ्या बाजूनं.

दादा म्हणाला, "बाई, हे तुहं आहे. एका झाडाले दोन पोरी नाई चालत."

मी म्हटलं, "दोन कुठं आहेत?"

आम्ही उतरलो. भाचा पुढं चालत होता आणि माझ्या वाटेतले काटे स्लीपरनं बाजूला करत होता. वहिनीनं जेवायला वाढलं, कोणी फार जेवलं नाही.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. परत येताना माझ्या डोक्यात झाडं नव्हती, तो डबा होता. ते औषध डिंकात उतरतं का, डिंकातून लाडवात, लाडवातून दुधात? मला कळायला मार्ग नव्हता. खायला लागून तर दोन महिने झाले होते, आई आणि बाळ दोघी ठणठणीत होत्या. काही झालं नाही म्हणजे होणार नाही, असं मी स्वतःला सांगत होते, आणि ते स्वतःलाच पटत नव्हतं. ठरवलं एवढंच, की घरी गेल्याबरोबर उरलेला डिंक आणि उरलेले लाडू गुपचूप काढून टाकायचे. पोरीला सांगायचं, मुंग्या लागल्या.

घरी पोचले तेव्हा ती बाळाला पायांवर घेऊन पलंगावर बसली होती. जवळ स्टीलचा डबा, आणि हातात लाडू. शेवटचा आहे, म्हणाली, तुझी वाट बघत ठेवला होता.

"दाखवलंस?"

"दाखवलं."

"कोणतं?"

"माझं."

ती माझ्याकडे बघत राहिली. "असं करतात का? मग तुझं कोणतं?"

"मला आता झाड घेऊन काय करायचंय," मी म्हटलं आणि पिशवी ठेवायच्या निमित्तानं वळले. ती बाळाला सांगत होती, आजीनं तिचं स्वतःचं झाड दिलं बघ तुला, केवढी लाडाची तू. चालायला लागलीस की जाऊ, माझ्या झाडावर बसवीन तुला, मामाला बसू द्यायचं नाही.

मग तिनं विचारलं, "आणि माझं कसं आहे? लाल झालं होतं?"

ती पुन्हा पोटुशी असती, तर म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावू शकले असते. तसलं काही कारण नव्हतं. ती नुसती आनंदात होती. तिचे ते पहिले दोन महिने होते, ज्यांत तिनं भीती न बाळगता काहीतरी खाल्लं होतं. आणि भाचा माझ्या डोळ्यांसमोर होता, डबा पाठीला बांधून आलेला. उद्या ना परवा तिला कळणारच आहे. त्याच्या तोंडून कळेल, किंवा ती स्वतः टेकडी चढेल.

"झालं होतं," मी म्हटलं.

तिनं लाडू दोन्ही हातांनी फोडला. "घे, तू पण घे. माझ्या झाडाचा आहे." एक भाग मोठा झाला होता, एक लहान. लहान तिनं माझ्याकडे केला. मी तिच्या दुसऱ्या हातातला मोठा उचलला. ती हसली, म्हणाली, "आई, तू पण ना."

मी उभ्यानंच खाल्ला. लाडू चांगला झाला होता.